दुसरी काच

धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते आणि आई-आबांना तिच्याकडं बेंगळुरूला न्यायचं होतं. जानेवारी २०२४. कारखान्याचा हंगाम ऐन भरात, गावभर मळीचा वास, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. आबांचे गुडघे गेलेले, रेल्वेचा लांबचा प्रवास त्यांना सोसणार नाही म्हणून मी पुण्याहून विमानाची तीन तिकिटं काढली. दोन दिवसांनी पुतण्यानं विचारलं, "काका, विमान कुठलं आहे ते बघितलंत का?" तिकिटावर बोइंग ७३७-८ एवढंच होतं. म्हणजे तेच, आधी दोनदा पडलेलं मॅक्स.

नुकतंच, ५ जानेवारीला, अमेरिकेत पोर्टलंडहून उडालेल्या ७३७ मॅक्स ९ विमानाच्या भिंतीतला दाराएवढा तुकडा सुमारे पंधरा हजार फुटांवर निखळून पडला होता. जादा दाराची जागा बुजवायला बसवलेलं झाकण होतं ते. त्याला लागून असलेल्या दोन खुर्च्या नेमक्या रिकाम्या होत्या म्हणून माणसं वाचली. त्या भगदाडाचं चित्र टीव्हीवर दिवसभर दाखवत होते. आईनंही पाहिलं होतं.

"मी रेल्वेनं जाते," आई म्हणाली. "गुडघ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे."

मग घरात फोनाफोनी सुरू झाली. जावईबापू म्हणाले, २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसं गेली, घरापासून पुण्यापर्यंतचा गाडीचा प्रवासच जास्त धोक्याचा आहे. पुतण्या म्हणाला, जास्त पैसे भरून पहाटेचं एअरबसचं घ्या. पण एअरबसच्याही काही विमानांची इंजिनं त्या सुमारास तपासणीसाठी उतरवली जात होती. जावईबापूंचा आकडा खरा होता. तरी आईचं समाधान होईना, आणि मला ते कळत होतं. रस्त्यावरचा अपघात अचानक होतो. इथं कुणीतरी जाणूनबुजून गप्प बसलं होतं, असं तिला वाटत होतं. त्या धास्तीला आकड्यानं उत्तर देता येत नाही.

आबा इतका वेळ सुपारी कातरत ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "त्याला काचा किती?"

आबांची सगळी हयात साखर कारखान्यात बॉयलरवर गेली. बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती आहे ते बाहेरून दिसत नाही. ते दाखवायला दोन काचेच्या नळ्या असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. पाणी कमी झालं आणि खाली चिपाडाची आग तशीच चालू राहिली की बॉयलरच्या नळ्या लाल होतात आणि फुटतात. म्हणून काच एक ठेवत नाहीत, दोन ठेवतात, आणि दर पाळीला दोन्ही तपासतात. आबांना जगातलं कुठलंही यंत्र दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न हाच.

मी म्हटलं, "आबा, काचा दोन होत्या. पण बघत एकच होते."

मी ते सगळं वाचून काढलं होतं. मॅक्सला जुन्या ७३७ पेक्षा मोठी इंजिनं लावली, ती पंखाखाली बसेनात म्हणून जरा पुढं आणि वर सरकवली. त्यामुळं काही वेळा विमानाचं नाक जास्त वर उचललं जाण्याची शक्यता होती. ते आपोआप खाली दाबायला एक संगणकी प्रणाली घातली, एमकॅस नावाची. हवा कुठल्या कोनातून येते ते सांगायला विमानाच्या नाकाजवळ दोन्ही अंगांना एकेक लहानशी पाती असते. एमकॅस एका वेळी त्यातल्या एकाच पातीचं ऐकायची. पाती खोटं बोलली तरी नाक खाली दाबायची, पुन्हा पुन्हा. आणि अशी काही प्रणाली विमानात आहे हे वैमानिकांच्या पुस्तकात लिहिलेलंच नव्हतं.

"पहिलं विमान पडलं ते इंडोनेशियात," मी सांगू लागलो. "२९ ऑक्टोबर २०१८. जकार्ताहून सकाळी सहा वीसला उडालं आणि तेरा मिनिटांत समुद्रात. १८९ माणसं. विमान दोन-अडीच महिन्यांचं, कोरं. कॅप्टन आपल्याकडचा, दिल्लीचा पोरगा. वीसपेक्षा जास्त वेळा यंत्रानं नाक खाली दाबलं आणि दर वेळी त्यानं ते वर ओढलं."

आबांचा अडकित्ता थांबला.

"पण आबा, तेच विमान आदल्या रात्री बालीहून जकार्ताला आलं होतं. त्या दिवशी डावी पाती बदललेली, आणि बदलून बसवलेली पातीच एकवीस अंशांनी चुकीचं दाखवणारी. उडाल्याबरोबर कॅप्टनच्या हातातला दांडा थडथडायला लागला, नाक खाली जायला लागलं. त्या रात्री कॉकपिटमध्ये एक तिसरा वैमानिक होता, सुट्टीवरचा, नुसता बसून चाललेला. तो मदतीला होता. कॅप्टननं दोन बटणं बंद केली, नाकाचं काम हातानं चाक फिरवून केलं, आणि विमान जकार्ताला आणलं. सगळे सुखरूप."

"मग?"

"मग लॉगबुकात लिहिलं, वेग आणि उंचीचे आकडे जुळत नाहीत, एक दिवा लागतोय. दांडा वाटभर थडथडत होता हे लिहिलं नाही. बटणं बंद करावी लागली हेही नाही. मेकॅनिकनी जेवढं लिहिलं होतं तेवढं तपासलं, सही केली. सकाळी दुसरे वैमानिक बसले."

आबा उठले. सुपारीचं पान तसंच ठेवून बाहेर ओसरीवर गेले आणि बराच वेळ कारखान्याच्या धुराड्याकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, ते घाबरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "चल, पैलवानाकडं जाऊन येऊ."

पैलवानकाका आमच्या घरचेच. दिवाळीत कारखान्याची सभासदांची साखर आली की त्यातली पाच किलो आधी त्यांच्याकडं जायची, मग घरात डबा भरायचा. का, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यांचा उजवा हात कोपरापासून खाली वेगळाच दिसे. कातडी गुळगुळीत, चकाकणारी, तुकड्यातुकड्यांनी जोडल्यासारखी. बोटं पुरती मिटत नसत. चहा ते डाव्या हातानं बशीत ओतून पीत. लहानपणी आम्हाला सांगितलं होतं, कारखान्यात भाजलं.

त्या दिवशी आबांनी मला ते सांगितलं. पैलवानकाकांच्या समोर सांगितलं, बहुतेक म्हणूनच मला नेलं होतं.

चाळीस वर्षं होत आली त्याला. बॉयलर जुना होता. आबांची चार ते बाराची पाळी. रात्री दहाच्या सुमाराला त्यांनी काचा तपासल्या. खालचा कॉक उघडायचा, पाणी आणि वाफ फसकन बाहेर येते, कॉक बंद केला की पाणी उसळून पुन्हा आपल्या जागी उभं राहतं. डाव्या काचेत उभं राहिलं. उजव्या काचेत पाणी रेंगाळत चढलं. खालची वाट क्षारानं धरली होती.

"मला तिथंच कळलं," आबा म्हणाले. "आंधळी व्हायला लागलीय काच. दोनदा कॉक मारला, जरा सुटल्यासारखी वाटली. मग उरलेली पाळी मी डावीवर काढली."

वहीत त्यांनी लिहिलं, 'दोन्ही काचा ठीक.'

त्याच आठवड्यात एकानं पंपाबद्दल शेरा लिहिला होता आणि त्यापायी दोन तास गाळप थांबलं होतं. इंजिनिअर सगळ्यांदेखत त्याला नको नको ते बोलला. गेटबाहेर बैलगाड्या थटलेल्या, शेतकरी ओरडत होते. शेरा लिहिणाऱ्याला त्याच संध्याकाळी मेमो मिळाला. हे एक कारण. दुसरं कारण आबांनी माझ्याकडं न बघता सांगितलं. घरी थोरलं पोर तापानं फणफणलं होतं आणि त्यांना बाराच्या ठोक्याला निघायचं होतं. थोरलं पोर म्हणजे मी.

पैलवानकाका त्या रात्री दहा मिनिटं उशिरा आले. आबा त्यांना बॉयलरपाशी भेटलेच नाहीत. गेटवर सायकलवर टांग टाकता टाकता ओरडले, "सगळं ठीक हाय रं!"

पहाटे तीनला डावी काच फुटली. काचा फुटतातच, त्यात नवल नाही. पैलवानकाकांनी तिचे कॉक बंद केले आणि उजवीवर नजर ठेवली. उजवी अर्धी भरलेली दाखवत होती.

"तासभर अर्धीच," पैलवानकाका म्हणाले. "आणि तिथं माझं चुकलं. जिवंत काचंतलं पाणी सारखं थरथरतं, बघ. ह्ये हलतच नव्हतं. मला वाटलं, वा, आज पाणी कसं एकसारखं उभं राहिलंय."

वरून वाफ थंड होऊन काचेत पाणी साठलेलं, खालची वाट बंद. ड्रममध्ये पाणी केव्हाच उतरलं होतं. कमी पाण्याची घंटा होती, पण ती वरचेवर उगाच वाजते म्हणून कुणीतरी तिची तार काढून ठेवली होती. साडेचारला बॉयलरची नळी फुटली. भट्टीचं दार उडालं. पैलवानकाकांनी तोंड झाकायला उजवा हात आडवा धरला.

चौकशी बसली. वहीत 'दोन्ही काचा ठीक', खाली आबांची सही. दोन दिवस आबा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन त्यांनी आधी पैलवानकाकांना सांगितलं आणि तिथनं उठून इन्स्पेक्टरसमोर जाऊन बसले. आबा कधीकाळी सस्पेंड झाले होते एवढं मला ठाऊक होतं. कशासाठी, ते त्या दिवशी कळलं.

ओसरीवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. काकूंनी चहा आणला. पैलवानकाकांनी बशी डाव्या हातात घेतली.

"आता म्हाताऱ्याला इमानाची भीती वाटतीय व्हय?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, आईला वाटते. आबांचं मला कळत नाही.

"मी परत त्याच बॉयलरवर उभा राहिलो," ते म्हणाले. "अकरा हंगाम. बायको म्हणायची, दुसऱ्या खात्यात बदली मागा. मला बी भ्या वाटायचं, न्हाई असं न्हाई. पयल्या हंगामात तर हात थरथरायचा. पण त्यो बॉयलर पुरता उघडून बघितला होता. सगळ्या नळ्या ठोकून बघितल्या, घंटीची तार जोडली. आन् तुझा बाप." ते आबांकडं वळले. "ह्यानं त्या दिसापासनं वहीत इतकं लिहायला घेतलं की इंजिनिअर वैतागायचा. नट ढिला, लिव्ह. पंपाचा आवाज बदलला, लिव्ह. पाळी बदलताना मला हाताला धरून काचंपुढं न्यायचा आन् माझ्यासमोर कॉक मारायचा. ह्याच्या वहीवर डोकं ठिवून मी झोपलो असतो."

आबा खाली बघत होते.

मग काकांनी विचारलं, "ते इमान बंद ठेवलं होतं का न्हाई?"

ठेवलं होतं. १० मार्च २०१९ ला इथिओपियात अदिस अबाबाहून उडालेलं दुसरं मॅक्स सहा मिनिटांत पडलं, १५७ माणसं गेली. त्यानंतर तीन-चार दिवसांत जगभर ती विमानं उभी केली. आपल्याकडं ती ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा उडू दिली, म्हणजे जवळपास अडीच वर्षांनी. आता ती प्रणाली दोन्ही पात्या बघते. दोघींचं जमलं नाही तर गप्प राहते. नाक एकदाच दाबते, तेही वैमानिकाला परत ओढता येईल इतकंच. वैमानिकांना तिच्याबद्दल नीट शिकवणं बंधनकारक केलं आहे.

"दुसरं पडल्यावर उभी केली," पैलवानकाका म्हणाले. "पयलं पडल्यावर का न्हाई?"

दोन अपघातांच्या मध्ये चार महिन्यांहून जास्त काळ होता. मी उत्तर शोधत राहिलो. आजही त्या प्रश्नाचं ऐकवण्याजोगं उत्तर माझ्याकडं नाही. १५७ घरांपुढं कुठलं उत्तर टिकेल?

घरी परतताना आबा एवढंच म्हणाले, "दुसरी काच बघायला लागलेत ना? मग जाऊ."

आईनं विचारलं, "आणि ते उडालेलं झाकण?"

तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं की आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयानं इथल्या सगळ्या ७३७-८ विमानांची पंखावरची आपत्कालीन दारं तपासून घ्यायला लावली होती. बाकीचं पुढं कळलं. फेब्रुवारीत अमेरिकी तपास यंत्रणेचा प्राथमिक अहवाल आला. ते झाकण जागेवर धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यातून निघतानाच बसवलेले नव्हते. शेजारचे रिव्हेट दुरुस्त करायला झाकण उघडलं, पुन्हा लावलं, आणि उघडल्याची नोंदच कुठं सापडेना. हे वाचून मी आबांना फोन केला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हणून आईनं तेव्हा नकारच दिला असता तरी मी तिला वेडी म्हटलं नसतं, आजही म्हणणार नाही. शंका घेणाऱ्याला लोक हसतात ते मला पटत नाही. इंडोनेशियात पहिलं विमान पडलं तेव्हा शंका घेणाऱ्यांचं कुणी ऐकलं असतं तर इथिओपियाचं विमान त्या दिवशी जमिनीवर असतं. पण आईनं नकार दिला नाही. ती म्हणाली, "तुम्ही दोघं बसताय तर मी बसते. पण ऐन वेळी ह्यांना काही वाटलं तर उतरायचं. पैसे गेले तर गेले."

विमानात आई खिडकीशी, मधे मी, आबा वाटेकडच्या खुर्चीवर. आबांनी पट्टा लावला. खट् झालं. मग बॉयलरवरच्या सवयीनं त्यांनी तो पोटापाशी धरून झटका देऊन ओढला. बक्कल सुटलं. पुन्हा लावला, पुन्हा खट्, पुन्हा ओढला, पुन्हा सुटलं.

हवाई सुंदरी आली. पंचविशीची पोरगी, बोलायला लागल्यावर मराठीच निघाली. तिनं वाकून पट्टा लावला. "लागलाय की आजोबा, आवाज आला ना?"

"आवाज येतोय, बाळ. धरत न्हाई," आबा म्हणाले आणि ओढून दाखवला.

तिनं मागंपुढं बघितलं. पलीकडच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. "तुम्ही तिथं बसा ना. इथं कुणाला बसवत नाही आम्ही."

सोपं होतं. दारं बंद व्हायला आली होती, लोक घड्याळं बघत होते. मीसुद्धा म्हटलं, आबा, बसा तिकडं, तासाभराचा तर प्रवास.

आबा उठले नाहीत. म्हणाले, "मी बसतो की तिथं. पण परतीच्या फेरीला हितं कोण बसंल?"

ती पोरगी क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिली. मग पुढं गेली. मागच्या रांगेतला एक जण मोठ्यानं म्हणाला, "एका पट्ट्यासाठी?" आणखी एक जण हसला. आबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गर्दीसमोर बोलणी खायची त्यांना सवय नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते समोर बघत बसले. आईनं माझ्या मागून हात घालून त्यांच्या पाठीवर ठेवला.

वीस-पंचवीस मिनिटं गेली. चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला इंजिनिअर चढला, खुर्चीपाशी गुडघ्यावर बसून त्यानं जुना पट्टा काढला आणि नवा लावला. आबांनी ओढून बघितला. इंजिनिअरनंही ओढून बघितला. दोघांनी एकमेकांकडं बघून मान हलवली. एकाच पेशातली माणसं हलवतात तशी.

पोरगी वही घेऊन आली होती. उभ्याउभ्याच तिनं काहीतरी लिहिलं आणि वही मिटू लागली.

"काय लिवलंस, बाळ?" आबांनी विचारलं.

तिनं वाचून दाखवलं. रांग चौदा, वाटेकडची खुर्ची, बक्कल लॉक होत नाही, पट्टा बदलला.

"वेळ घातली?"

तिनं मनगटावरचं घड्याळ बघितलं, वही पुन्हा उघडली आणि वेळ लिहिली.